कृष्णवर्णीयांची अर्थमुक्ती : भांडवल आणि कसब

दक्षिण आफ्रिकेतील एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल आज उघडून पाहिला, तर त्यात एक प्रकरण बहुधा ठरलेले असते. कृष्णवर्णीयांच्या आर्थिक उन्नतीस आणि कामगारांच्या शिक्षणास कंपनी कशी वचनबद्ध आहे, याचे त्यात निवेदन असते. किती टक्के भाग कृष्णवर्णीयांच्या हाती गेले, किती उमेदवार शिकून तयार झाले, याचे आकडे असतात. व्यापारी कंपनीने असे वचन द्यावे, आणि सरकारने त्याचा हिशेब मागावा, ही गोष्ट सहजासहजी घडलेली नाही. ती कशी घडली, आणि त्या वचनाचे वजन किती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी खाणधंद्याचे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. धंद्यातील वर्णभेदाची भिंत कायद्याने पक्की झाली ती खाणीत, आणि ती पाडण्याचे वचन खऱ्या कसोटीला लागले तेही खाणीतच.

१८८६ साली विटवॉटर्सरँडच्या टेकड्यांत सोने सापडले. हे सोने विपुल खरे, पण दगडात अत्यंत विरळ आणि खोल गेलेले. ते काढावयाचे तर यंत्रे मोठी हवीत, भांडवल मोठे हवे आणि मजूर तर लाखांनी हवेत. सोन्याचा भाव जगाच्या बाजारात बांधलेला. तो खाणमालकाला वाढविता येत नसे. तेव्हा नफा राखण्याचा उपाय एकच उरला, आणि तो म्हणजे मजुरी खाली ठेवणे. ही स्वस्त मजुरी आफ्रिकी लोकांकडून घेतली गेली. मोझांबिकपासून बासुटोलँडपर्यंतचे तरुण करारावर आणावयाचे, त्यांना बराकीत कोंडावयाचे, आणि मुदत भरली की गावी परत धाडावयाचे, असा परिपाठ पडला. कसबी काम मात्र कॉर्नवॉलसारख्या ठिकाणांहून आलेल्या गोऱ्यांकडे राहिले.

कसब ही काही जन्मजात वस्तू नव्हे. जो दहा वर्षे दगडात भोके पाडतो, त्याला सुरुंग केव्हा आणि कसा पेटवावा हे कळल्यावाचून राहत नाही. हीच भीती गोऱ्या कामगारांना वाटत होती, आणि तिच्यातून १९११ चा खाणी व कामे यांविषयीचा कायदा आला. त्याखालील नियमांनी सुरुंग उडविण्याचा परवाना, आणि त्यासारखे इतर लायकीचे दाखले, ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतांत गोऱ्यांपुरते राखून ठेवले. भोक पाडणारा हात काळा, परवाना मात्र गोऱ्याच्या खिशात, अशी ही विभागणी होती. परवाना नाही म्हणून बढती नाही, बढती नाही म्हणून वेतन नाही, आणि वेतन नाही म्हणून मुलांना शिक्षण नाही. एका कागदाने तीन पिढ्यांची वाट अडविली ती अशी.

याच काळात वचन आणि कामगार यांचा संबंध दाखविणारी एक घटना घडली. तिच्याशी महाराष्ट्राचा साक्षात संबंध आहे. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले होते. करार संपलेल्या हिंदी मजुरांवर नाताळ प्रांतात दर साल तीन पौंडांचा डोईकर होता. प्रिटोरियास मंत्र्यांची भेट घेऊन गोखले निघाले, ते हा कर रद्द होणार असे आश्वासन मिळाले, या समजुतीने. पुढे सरकारने असे वचन दिल्याचेच नाकारले. तेव्हा १९१३ साली न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींतील हिंदी मजुरांनी काम थांबविले, गांधीजींच्या मागे ते ट्रान्सवालच्या सीमेकडे चालू लागले, आणि १९१४ साली कर गेला. तोंडी वचनामागे जोपर्यंत कामगारांचे बळ उभे नव्हते, तोपर्यंत ते हवेतच राहिले, हे त्या प्रसंगाचे तात्पर्य. आपल्या विषयात ते पुनःपुन्हा उपयोगी पडणार आहे.

१९२२ साली खाणमालकांनी खर्च कमी करण्यासाठी गोऱ्यांची काही कामे आफ्रिकी मजुरांना देण्याचे ठरविले. त्यांत न्यायबुद्धी नव्हती, काटकसर होती. गोऱ्या कामगारांनी संप पुकारला. संपाचे बंड झाले. स्मट्स यांच्या सरकारने तोफा आणि विमाने वापरून ते मोडले, आणि सुमारे दोनशे माणसे प्राणास मुकली. परंतु रणांगणावर हरलेला पक्ष मतपेटीत जिंकला. १९२४ साली हर्टझोग यांचे सरकार आले. मधल्या काळात न्यायालयाने वर्णभेदाचे नियम बेकायदा ठरविले होते. १९२६ साली दुरुस्ती करून ते कायद्यातच घालण्यात आले. १९२२ च्या उमेदवारीच्या कायद्याने शालेय शिक्षणाची जी अट घातली, तिने आफ्रिकी मुलाला कारखान्यातील उमेदवारीही जवळपास बंद झाली.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये हजारो आफ्रिकी खाणमजुरांनी दिवसाला दहा शिलिंग मजुरी मागितली, तेव्हा पोलिसांच्या बळावर त्यांना पुन्हा खाणीत उतरविण्यात आले. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकी मुलाचे शिक्षणच वेगळे आणि तोकडे केले. ज्याला पुढे गणिताचा उपयोग करू दिला जाणार नाही, त्याला गणित शिकवून काय करावयाचे, असा मंत्री फेरवुर्ट यांचा युक्तिवाद होता. १९७० च्या सुमारास सोन्याच्या खाणीत गोऱ्या कामगाराचे वेतन आफ्रिकी कामगाराच्या सुमारे वीसपट होते. आणि महागाईचा हिशेब केला, तर आफ्रिकी मजुराची मजुरी १९११ च्या मानाने वाढलेली नव्हती.

आता दुसरी बाजू पाहू. कृष्णवर्णीयांच्या आधी याच देशात एका समाजाने आपली आर्थिक उन्नती योजून घडवून आणली. तो समाज म्हणजे बोअर, अर्थात आफ्रिकानेर. बोअर युद्धानंतर हा शेतकरी समाज देशोधडीला लागला होता. धंदा आणि खाणी इंग्रजांच्या हाती होत्या. १९१८ साली सानलाम ही विमा कंपनी निघाली. १९३४ साली फोक्सकास ही पेढी निघाली, आणि १९३९ साली ब्लूमफाँटेन येथे आर्थिक परिषद भरली. १९६४ पर्यंत त्यांची मजल अशी गेली की, अँग्लो अमेरिकन या बलाढ्य इंग्रजी कंपनीने जनरल मायनिंग ही खाणकंपनी आफ्रिकानेर भांडवलाच्या हाती जाऊ दिली.

या उदाहरणाचा मोह पुढे अनेकांना पडला. पण त्यातील अर्धा भागच त्यांच्या लक्षात राहिला. आफ्रिकानेर वर आले ते केवळ भाग खरेदी करून नव्हे. १९२४ नंतर रेल्वेत त्यांच्या गरीब तरुणांना जागा दिल्या गेल्या, १९२८ साली स्थापन झालेल्या सरकारी पोलाद कारखान्यात त्यांनी काम केले, त्यांच्या भाषेत शाळा आणि विद्यापीठे चालली, आणि १९४८ नंतर सारे राज्ययंत्र त्यांच्या पाठीशी राहिले. मालकी वरच्या मजल्यावर आली, त्याआधी खालच्या मजल्यावर कसब आणि पगार आले होते.

१९७९ साली आफ्रिकी कामगारांच्या संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली. १९८२ साली खाणकामगारांची राष्ट्रीय युनियन उभी राहिली. सिरिल रामाफोसा तिचे सरचिटणीस झाले. १९८७ च्या ऑगस्टमध्ये सुमारे तीन लाख कामगारांनी तीन आठवडे संप केला. मजुरीच्या मागणीवर तो हरला. परंतु खाणीतील वर्णभेद ज्या व्याख्येवर उभा होता, ती व्याख्या त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन गेली. सुरुंगाच्या परवान्याची वाट शहात्तर वर्षांनी मोकळी झाली.

१९९३ साली, म्हणजे मंडेला अध्यक्ष होण्याच्या आदल्या वर्षी, त्याच सानलामने आपल्या एका विमा कंपनीचे दहा टक्के भाग कृष्णवर्णीयांच्या एका गटास विकले. सोवेटोचे डॉक्टर न्थाटो मोटलाना हे त्या गटाचे अध्वर्यू होते. हा आरंभ समजला जातो. पुढे असे व्यवहार पुष्कळ झाले. पण खरेदी करणाऱ्यांजवळ भांडवल नव्हते, तेव्हा भाग विकत घेण्यासाठी कर्ज काढावयाचे, तेच भाग तारण ठेवावयाचे, आणि भाव चढला की कर्ज फेडावयाचे, अशी रीत पडली. १९९८ साली आशियातील अरिष्टाची लाट तेथे पोहोचली, व्याजाचे दर पंचवीस टक्क्यांवर गेले, भागांचे भाव कोसळले, आणि कागदावरचे अनेक मालक कागदावरच राहिले. जे थोडे तरले, ते मोठे धनिक झाले. 'काही घराणी श्रीमंत झाली, जनता कोठे आहे?' हा प्रश्न तेव्हापासून विचारला जाऊ लागला.

सरकारने हा प्रश्न ऐकला, असे म्हटले पाहिजे. १९९८ च्या कसबवृद्धीच्या कायद्यापाठोपाठ कंपन्यांच्या पगारखर्चावर शिक्षणाची पट्टी बसली. २००१ पासून ती शेकडा एक झाली. २००२ च्या खाणकायद्याने भूगर्भातील संपत्ती राष्ट्राची ठरविली, आणि तिच्यासोबत आलेल्या सनदेने दहा वर्षांत सव्वीस टक्के मालकी वर्णभेदपीडितांकडे यावी, असे ठरविले. २००३ साली व्यापक आर्थिक सबलीकरणाचा कायदा झाला. त्यातील 'कृष्णवर्णीय' या शब्दात आफ्रिकी, मिश्रवर्णीय आणि हिंदी असे तिन्ही समाज येतात. ज्यांच्यासाठी गोखले प्रिटोरियास गेले, त्यांचे वंशजही त्यात आले. २००७ साली कंपन्यांना शंभर गुणांचे गुणपत्रक लागू झाले. मालकीला वीस गुण, कामगारांच्या शिक्षणाला पंधरा, आणि उरलेले व्यवस्थापन, समान नोकऱ्या, खरेदी, नव्या उद्योगांस साहाय्य व समाजकार्य यांत वाटलेले. सरकारी कंत्राट मिळविताना हे गुण कामी येत. २०१३ च्या सुधारणेने शिक्षणावरील खर्चाचे लक्ष्य पगारखर्चाच्या तीन टक्क्यांवरून सहावर नेले. आणि काळ्या माणसाला नावापुरता मालक करून मागे गोऱ्याने कारभार करणे, हा फौजदारी गुन्हा ठरविला. आपल्याकडे बेनामी म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार.

कायदा असा बिनतोड झाला; मग वचन पाळले गेले काय? मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीकडे पाहावे. लोनमिन ही तेथील तेव्हाची कंपनी. परवान्यासाठी सादर केलेल्या सामाजिक योजनेत तिने कामगारांसाठी ५,५०० घरे बांधण्याचे पत्करले होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये दगड फोडणाऱ्या कामगारांनी महिना साडेबारा हजार रँड वेतन मागून संप केला. १६ ऑगस्ट रोजी पोलिसांच्या गोळीबारात चौतीस कामगार ठार झाले. पुढे न्यायमूर्ती फार्लम यांच्या चौकशीत निघाले ते असे की, त्या साडेपाच हजारांपैकी बांधून झाली होती फक्त तीन नमुन्याची घरे. प्लॅटिनमचा भाव २००८ साली पडला, म्हणून बांधकाम जमले नाही, असे कंपनीचे म्हणणे. त्या कंपनीत कृष्णवर्णीयांचे भाग होते, आणि तिच्या संचालक मंडळावर रामाफोसाही होते. १९८७ च्या संपाचे नेते ते हेच. मालकीच्या रकान्यात खूण पडली होती. पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात मात्र ती उतरली नव्हती.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, एरवी चित्र एकांगी होईल. कुंबा या लोखंडाच्या खाणकंपनीने २००६ साली कामगारांसाठीच भागांची योजना केली. २०११ साली तिची मुदत भरली, तेव्हा सहा हजारांहून अधिक कामगारांना, कर वजा जाण्यापूर्वी, प्रत्येकी पाच लाख रँडहून अधिक रक्कम मिळाली. खाणमजुराच्या हाती एवढा पैसा एकदम येणे, ही अपूर्व गोष्ट होती. पण हेही ध्यानात घ्यावे की, त्या साली लोखंडाचा भाव शिखरावर होता, आणि २०१५ अखेर तो कोसळला. भाग किती उदार मनाने दिला, यापेक्षा तो कोणत्या साली वटविला, यावर कामगाराचे भाग्य ठरले.

शिकलेल्या कसबाचे तसे नाही. बाजार पडला म्हणून जोडाऱ्याच्या हातातले कसब उतरत नाही, आणि एक खाण बंद झाली तर तो ते घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणूनच १९११ साली गोऱ्या कामगारांनी मागितला होता तो परवाना. भाग मागितले नव्हते. काय राखून ठेवावे, हे त्यांना बरोबर कळले होते. मालकीचा हक्क क्षुल्लक आहे, असे मी म्हणत नाही. भांडवलावाचून कोणताही समाज स्वतंत्र होत नाही. परंतु २०२१ ते २०२४ या वर्षांत ज्या देशात अधिकृत बेकारी तीस टक्क्यांच्या वर राहिली, तेथे गुणपत्रकातील मालकीपेक्षा शिक्षण सामान्य माणसाच्या अधिक जवळचे आहे, एवढाच निष्कर्ष शंभर वर्षांच्या हिशेबातून निघतो.

तेव्हा यापुढे अशा कंपनीचे वचन वाचताना तीन प्रश्न विचारावेत. किती भाग दिले, हा पहिला. तो कंपन्या आपण होऊनच सांगतात. खाणीत खाली उतरणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात या वर्षी नवा परवाना आला, हा दुसरा. आणि वचन मोडले तर जाब विचारण्याचे बळ त्या माणसांपाशी आहे की नाही, हा तिसरा. न्यूकॅसलच्या मजुरांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९१३ सालीच देऊन ठेवले आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे कंपन्यांनी दर वर्षी द्यावयाची आहेत.