तोफेच्या डोळ्यांची कुळकथा

लष्करी टेहळणी यंत्रांच्या हाती कशी गेली, ही गोष्ट हल्ली ड्रोनपासून सुरू होते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपाशी संपते. त्यामुळे हे सारे गेल्या पंधरा-वीस वर्षांतले, कुठल्या तरी परदेशी प्रयोगशाळेत जन्मलेले वाटते. या तंत्राचे कूळ शोधत मागे गेले, तर वाट हेरखात्याकडे जात नाही, तोफखान्याकडे जाते. आणि भारतापुरते बोलायचे तर ती नाशिक रोड-देवळालीच्या पट्ट्यात येऊन थांबते. देवळालीचे तोफखाना विद्यालय १९२३ मध्ये ॲबटाबादजवळच्या काकूलला सुरू झाले. जिथे आज पाकिस्तानची लष्करी प्रबोधिनी आहे, तेच हे काकूल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत विद्यालय देवळालीला हलले. नाशिक रोडच्या छावणीत जवानांना घडवणारे तोफखाना केंद्र आहे, आणि नाशिकच्याच गांधीनगर धावपट्टीवर लष्कराच्या वैमानिकांचे प्रशिक्षण विद्यालय. तोफ, तिला दिशा देणारा निरीक्षक आणि वरून पाहणारे विमान या तिघांची शाळा एकाच शहराच्या अंगाला असावी, हा निव्वळ योगायोग नाही. हे तिघे एकाच घरातले आहेत, आणि त्यांचा वंशवृक्ष नीट पाहिला तर आजच्या स्वयंचलित टेहळणीत नेमके काय धोक्याचे आहे हेही कळते.

तोफेला डोळ्यांची गरज पडली ती उशिरा. औरंगजेबाच्या फौजेने १६८२ पासून नाशिकजवळच्या रामशेजला वेढा घातला, तेव्हा शहाबुद्दीन खानाने किल्ल्यात मारा करण्यासाठी उंच लाकडी दमदमा उभारला. जिथून दिसते तिथूनच मारायचे, हा तोवरचा साधा नियम होता. गोलंदाज आपल्या डोळ्यांनी लक्ष्य पाहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आणि लांब पल्ल्याच्या तोफा आल्या आणि हा नियम मोडला. उघड्यावरची तोफ शत्रूच्या माऱ्यात टिकेना, म्हणून ती टेकडीआड गेली. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात टेकडीआडून अप्रत्यक्ष मारा करण्याचे महत्त्व साऱ्या जगाला दिसले. आता तोफेला लक्ष्य दिसत नव्हते आणि ज्याला लक्ष्य दिसत होते त्याच्याकडे तोफ नव्हती. दोघांमध्ये टेलिफोनची तार, नकाशा आणि गणित आले. टेहळणीचे पुढचे सगळे यांत्रिकीकरण ही फट बुजवण्यासाठी झालेले आहे. राजदरबारातली खलबते जाणून घेणारा हेर आणि गोळा कुठे टाकायचा हे सांगणारा निरीक्षक यांची गरज मुळातच वेगळी होती. हेराला उशीर चालतो. निरीक्षकाला चालत नाही, शिवाय त्याला उत्तर आकड्यांत द्यावे लागते. आकड्यांत मागितलेले उत्तर यंत्राला देता येते, म्हणून यंत्र आधी तोफखान्यात शिरले.

ते शिरले त्याची तारीख बऱ्यापैकी नेमकी सांगता येते. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने लॉरेन्स ब्रॅग या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला पश्चिम आघाडीवर पाठवले. त्याच वर्षी त्याला वडिलांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. वय अवघे पंचवीस. काम होते आवाजावरून शत्रूची लपलेली तोफ शोधण्याचे. कल्पना सोपी: आघाडीच्या मागे अंतराअंतरावर सहा मायक्रोफोन ठेवायचे, तोफेचा आवाज प्रत्येकापाशी किती फरकाने पोहोचतो ते फिल्मवर नोंदवायचे आणि त्या फरकावरून तोफेची जागा काढायची. पण प्रत्यक्षात फिल्म निरुपयोगी नोंदींनी भरून जाई. आवाजापेक्षा वेगाने जाणारा गोळा स्वतःचा एक कडकडाट घेऊन येई, त्यात बंदुका आणि गाड्या यांचे आवाज मिसळत. तोफेच्या तोंडचा खोल, जड आवाज यात हरवून जाई. विल्यम टकर या सहकाऱ्याने त्यावर तोड काढली. पेटीच्या तोंडाशी तापवलेली अतिबारीक तार बसवली. खोल आवाजाच्या दाबाने हवेची झुळूक तारेवरून गेली की तार गार होई आणि तिचा विद्युतरोध बदले. वरच्या पट्टीतल्या कडकडाटाला ती जवळजवळ दादच देत नसे. पुढे बसलेला सैनिक आवाज कानी पडताच कळ दाबी, मागचे यंत्र सुरू होई आणि थोड्याच वेळात शत्रूच्या तोफेचा ठावठिकाणा कागदावर येई.

मला या तारेत संपूर्ण वंशाचा मूळ पुरुष दिसतो. दुर्बिणीने माणसाची नजर लांबवली होती, फुग्याने ती उंचावली होती. पण काय ऐकायचे आणि काय सोडून द्यायचे, हा निवाडा तोवर माणसानेच केला होता. टकरच्या तारेने तो स्वतःकडे घेतला. आज हजारो तासांच्या ड्रोन-चित्रणातून ‘महत्त्वाचे’ तेवढे वेचणारी संगणकप्रणाली हेच करते. मात्र तारेच्या बाबतीत एक गोष्ट तिच्या बाजूने होती. तसा आवाज, त्या दिशेने, तोफच करते. जागा कळली की ओळख आपोआप पटत असे. ‘कुठे’ आणि ‘काय’ हे दोन प्रश्न एकाच उत्तरात सुटत. २० नोव्हेंबर १९१७ रोजी काँब्रेच्या लढाईत ब्रिटिशांच्या हजारावर तोफांनी आधी नेम जुळवण्यासाठी एकही गोळा न टाकता, केवळ मोजणी आणि गणिताच्या भरवशावर अचानक मारा सुरू केला. यंत्राने दिलेल्या आकड्यावर विसंबण्याची सवय तोफखान्याला तिथे लागली, आणि ती सवय तेव्हा रास्त होती.

दुसऱ्या महायुद्धात हे कूळ पुन्हा माणसाकडे वळले. तोफखान्याच्याच अधिकाऱ्याला ऑस्टरसारखे छोटे विमान चालवायला शिकवायचे आणि त्याने हवेतून माऱ्याला दिशा द्यायची, अशी एअर ओपीची पद्धत १९४१ नंतर रुजली. एअर ओपीच्या पथकांपैकी ६५६ क्रमांकाचे पथक ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. ६५९ क्रमांकाचे पथक १९४७ मध्ये भारत आणि पाकिस्तानात वाटले गेले. आपल्या वाट्याला जे आले त्यातून लष्कराची हवाई शाखा वाढली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी ती तोफखान्यातून वेगळी होऊन स्वतंत्र कोअर झाली, आणि २००३ मध्ये तिचे प्रशिक्षण विद्यालय नाशिकला आले. एअर ओपीतला अधिकारी पाहणारा होता, ओळखणारा होता आणि माऱ्याचा हुकूम देणाराही होता. चुकले तर कोणाचे चुकले, हे विचारायला तिथे जागा होती.

१९९९ चे कारगिल या कुळकथेत दोन्ही बाजूंनी साक्ष देते. घुसखोरीची पहिली खबर बटालिक भागात ताशी नामग्याल या मेंढपाळाने दिली. हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या टेहळणीत ती लक्षात आली नव्हती. माणसाची नजर यंत्रापेक्षा श्रेष्ठ, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे, पण तो टिकत नाही. हेलिकॉप्टरमध्येही माणसेच बसलेली होती, आणि मेंढपाळ योगायोगाने तिथे गेला होता. न थकता, न कंटाळता एकाच डोंगराकडे महिनोन्महिने पाहत राहणे माणसाला जमत नाही, यंत्राला जमते. दुसरी साक्ष आणखी कठोर आहे. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. पण शत्रूची तोफ कुठून मारते आहे हे सांगणारे नव्या पिढीचे रडार आपल्याकडे नव्हते. त्याची किंमत जवानांनी मोजली. के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल आढावा समितीने टेहळणीतल्या उणिवा आणि चालकविरहित विमानांची गरज स्पष्टपणे मांडली. यंत्राला सरसकट विरोध करणाऱ्यांनी हा अहवाल विसरू नये.

कारगिलनंतर आधी अमेरिकी रडार आले आणि पुढे डीआरडीओच्या बेंगळुरूतील प्रयोगशाळेने घडवलेले, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ‘स्वाती’ २०१७ मध्ये लष्कराच्या हवाली झाले. ‘स्वाती’ म्हणजे टकरच्या तारेची थेट नात. उडत्या गोळ्याचे मार्गावरचे काही बिंदू ती टिपते, त्यावरून मार्ग मागे वाढवून तोफेची जागा काढते आणि पुढे वाढवून गोळा कुठे पडेल तेही सांगते. कारगिलनंतरच्याच काळात ‘शक्ती’ या संगणकजाळ्याने निरीक्षक, गणित करणारा कक्ष आणि तोफा यांना जोडले. पूर्वी तक्ते पाहून हाताने होणारी आकडेमोड संगणक करू लागला. इथपर्यंत या कुळात काही खोट शिरलेली मला दिसत नाही. गोळा हवेत आहे, म्हणजे कोणीतरी तो डागला आहे. रडारला अंदाज करावा लागतो तो फक्त भूमितीचा.

खोट शिरते ती कॅमेऱ्यातून, पण तिची चाहूल त्याआधीच लागली होती. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने हो ची मिन्ह मार्गावर हजारो संवेदक पेरले आणि त्यांचे संदेश थायलंडमधल्या संगणकांकडे नेले. कंपन झाले की ट्रक आला असे समजायचे आणि बॉम्ब टाकायचे. व्हिएतनामी सैनिकांनी खोटे आवाज आणि खोटे वास करून त्या संवेदकांना फसवायला सुरुवात केली. तोफेच्या आवाजाची नक्कल करायला तोफ लागते. ट्रकच्या घरघरीची नक्कल करायला ध्वनिफीत पुरते. २०१७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने ‘प्रोजेक्ट मॅव्हन’ सुरू करून ड्रोनच्या चित्रणातली माणसे, वाहने आणि वस्तू ओळखण्याचे काम शिकलेल्या प्रणालीकडे दिले, तेव्हा फरक पूर्ण झाला. आता यंत्र ‘कुठे’ला मीटरभराच्या अचूकतेने उत्तर देते आणि ‘काय’ला शक्यतेने. दोन्ही उत्तरे एकाच पडद्यावर, एकाच चौकटीत, सारख्याच ठाम आकड्यांत येतात. माझा मुख्य आक्षेप इथे आहे: जागेचा अचूकपणा ओळखीला उसना विश्वास देतो. शंभर वर्षे हे दोन प्रश्न एकत्र सुटत आले, म्हणून आता ते वेगळे झाले आहेत हे पाहणाऱ्याला जाणवतच नाही.

यावर पहिले उत्तर असे मिळते की, शेवटचे बटण माणूसच दाबतो, मग काळजी कशाची? काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकी ड्रोनने पांढऱ्या गाडीचा कित्येक तास पाठलाग केला. पाहणारी, ठरवणारी सगळी माणसेच होती. पाण्याच्या कॅनना स्फोटके समजले गेले आणि सात मुलांसह दहा निरपराध माणसे मारली गेली. गाडीची जागा शेवटपर्यंत अचूक होती. तेव्हा माणूस असणे पुरेसे नाही; पडद्यावरच्या उत्तराला नकार देण्याइतका वेळ आणि अधिकार त्याच्याकडे असावा लागतो. दुसरा आक्षेप वेगाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. आजची तोफ काही गोळे टाकून मिनिटांत जागा बदलते. विचार करत बसलो तर प्रत्युत्तराचा गोळा रिकाम्या जमिनीवर पडेल. हे खरे आहे, म्हणूनच सीमारेषा माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये न आखता पुराव्याच्या जातीवर आखावी असे मला वाटते. उडत्या गोळ्याचा पुरावा स्वतःच आपली ओळख देतो; तिथे यंत्राला पूर्ण वेगाने जाऊ द्यावे. देवळालीच्या तोफखान्यातूनच वेगळी होऊन गोपाळपूरला गेलेल्या हवाई संरक्षण शाखेचे ‘आकाशतीर’ मधल्या पायरीवर आहे. अनेक रडारांची चित्रे जोडून आकाशाचे एकच चित्र देणाऱ्या या प्रणालीसाठी मार्च २०२३ मध्ये १,९८२ कोटी रुपयांचा करार झाला. आकाशात वस्तू थोड्या असतात, तरी आपले आणि परके ओळखावे लागते. गावातल्या रस्त्यावरची गाडी, शेतातला माणूस, छपराखाली ठेवलेले पिंप यांचा पुरावा मात्र स्वतःहून काहीच सांगत नाही. तिथे यंत्राने फक्त ‘इथे पाहा’ म्हणावे, ‘हे अमुक आहे’ म्हणू नये.

हा भेद सैन्याच्या रचनेत कुठे ठेवायचा, हा प्रश्न आता नाशिकच्या दाराशी आला आहे. लष्कराची चालकविरहित विमाने आधी तोफखान्याकडे होती. २०२१ च्या सुमारास ती हवाई शाखेकडे गेली. मग २६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे लष्करप्रमुखांनी ‘शक्तिबाण’ रेजिमेंट आणि ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्यांची घोषणा केली, आणि ड्रोन तसेच घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारी स्फोटके तोफखान्यात आली. या नव्या अस्त्रात पाहणारा आणि मारणारा एकच आहे. १९०४ मध्ये तोफ आणि डोळा यांच्यात पडलेली फट बुजली आहे. त्या फटीत निरीक्षक उभा होता, आणि दुर्बिणीतून दिसते ते खरोखर शत्रूचे आहे का, हा प्रश्न तो विचारत होता. देवळालीत त्याला नेम सुधारायला शिकवले जाते. ओळख पक्की नसेल तर ‘मारू नका’ म्हणायला शिकवणे, आणि तसे म्हणणाऱ्याच्या पाठीशी नियमाने उभे राहणे, हे आता त्याच अभ्यासक्रमात, गणिताइतकेच महत्त्व देऊन यायला हवे.