मुल्की आणि गैरमुल्की

आपल्या ज्ञातीतील वयोवृद्धांच्या बोलण्यात ‘मुल्की’ हा शब्द अजून अधूनमधून येतो. तरुण पिढीस त्याचा अर्थ ठाऊक नाही. म्हणून त्याची हकीकत लिहून ठेवणे अवश्य वाटते.

सर सालारजंग हे १८५३ पासून १८८३ पर्यंत हैदराबादचे दिवाण होते. कारभाराची घडी बसविण्यासाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून विद्वान माणसे आणविली. मोहसिन-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिलग्रामी, चिराग अली ही त्यांतील ठळक नावे. माणसे कर्तबगार होती यात शंका नाही. परंतु वरच्या जागा बाहेरच्यांच्या हाती गेल्याचे शल्य येथील लोकांच्या मनात राहिले, आणि ते अगदीच निराधार होते असेही म्हणवत नाही.

अखेर १९१९ साली निजामाने नियम केले. जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुल्की. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे कायम वास्तव्य करावे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावे, तेव्हा तो मुल्की. इतरांस निजामाच्या खास मंजुरीवाचून सरकारी नोकरी नाही. मुल्की पुरुषाची पत्नी मात्र मुल्की!

या कलमाची गंमत गोदाकाठच्या लोकांस विचारावी. उत्तर तीरावर कायगाव, ते मोगलाईतले. पलीकडे टोके, ते नगर जिल्ह्यातले, म्हणजे इंग्रजी मुलखातले. भाषा एक, ज्ञाती एक, सोयरिकी एकमेकांत. टोक्याची मुलगी कायगावी नांदावयास आली की ती मुल्की होई. तिचा मॅट्रिक झालेला भाऊ नोकरीसाठी तिच्या दारी आला तर तो गैरमुल्की. विशीत आलेला मनुष्य पस्तिशीत पात्र ठरावयाचा! तोवर त्याने एखाद्या खाजगी शाळेत शिकवावे, पेढीवर हिशेब लिहावेत, नाही तर नदी उतरून परत जावे.

उलट, परका विद्वान आल्याने शहराचे नुकसानच होते असेही नाही. मेरठकडून आलेले मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत राहून अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचा कारभार कित्येक वर्षे चालविला व येथील कॉलेजचे ते प्रिन्सिपॉलही झाले. आजच्या छत्रपती संभाजीनगरात त्यांची आठवण किती जणांस आहे?

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पारडे फिरले. इतर प्रांतांतून अधिकारी व शिक्षक आले. आता उर्दूत दफ्तर लिहिणारा मुल्की मागे पडू लागला. खोट्या मुल्की दाखल्यांचा बोभाटा झाला. १९५२ साली वरंगळात शिक्षकांच्या नेमणुकांवरून चळवळ पेटली. सप्टेंबरात हैदराबाद शहरात गोळीबार होऊन माणसे मेली. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, तेव्हा गोदावरीची सरहद्द मिटली. तेलंगणात मात्र हा वाद पुढे १९७३ पर्यंत धुमसत राहिला.

सरहद्द मिटली तरी शब्द मिटला नाही. माझे वडील उर्दूत शिकून औरंगाबादेत एका कचेरीत कारकून झाले होते. पुढे मराठी-इंग्रजी टिपणे लिहिणारे नगर-पुण्याकडील तरुण त्यांच्यावर साहेब म्हणून आले. सायंकाळी घरी येऊन ते “हे गैरमुल्की!” म्हणून चरफडत. आईचे माहेर नेवाशाचे. ती काही बोलत नसे. मामा मुक्कामास असले की मात्र तो शब्द आमच्या घरात निघत नसे.