मूत्रपिंडाचे आंशिक छेदन, मायक्रोवेव्ह-साखळण पद्धतीने

मूत्रपिंडातील लहान गाठीभोवतालचे ऊतक उष्णतेने साखळवून गाठ कापून काढण्याची व उरलेले मूत्रपिंड राखण्याची शस्त्रक्रिया. ती विशेषतः जपानमध्ये वापरली गेली.

गाठीसाठी मूत्रपिंडाचा काही भागच काढण्याची शस्त्रक्रिया व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी हायडेलबर्ग येथे १८८७ मध्ये केली होती. तरीही पुढे दीर्घकाळ सबंध मूत्रपिंड काढण्याचाच प्रघात राहिला. सोनोग्राफी व सीटी स्कॅन रुळल्यावर ४ सेंमी.पर्यंतच्या गाठी योगायोगाने सापडू लागल्या. त्यांपैकी सुमारे एकपंचमांश कर्करोगाच्या नसतात. अशा गाठीपायी सबंध मूत्रपिंड गमावणे हे रुग्णाचे मोठे नुकसान होय.

खरी अडचण रक्तस्रावाची. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. म्हणून एरवी धमनीला चिमटा लावून काम करतात. मूत्रपिंड थंड केले नसेल, तर हे काम साधारण २५ ते ३० मिनिटांत आटोपावे लागते. मायक्रोवेव्ह पद्धतीत बहुधा हा चिमटाच टळतो. काट्सुयोशी ताबुसे यांनी १९७९ मध्ये यकृतासाठी मांडलेले तंत्र येथे उपयोगी पडले. गाठीपासून थोडे अंतर सोडून मायक्रोवेव्ह उपकरणाचे सुईसारखे अग्र ओळीने ठिकठिकाणी खुपसतात. २,४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरींनी ऊतकातील पाण्याचे रेणू वेगाने हलून उष्णता निर्माण होते. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रथिने साखळतात व बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मग साखळून पांढुरक्या झालेल्या पट्ट्यातून छेद घेतात. मोठ्या वाहिन्या मात्र बांधाव्याच लागतात, कारण वाहते रक्त उष्णता सोबत नेते.

उष्णता आखलेल्या रेषेवर थांबत नाही, हा या पद्धतीचा गंभीर दोष. ती मूत्रसंकलन मार्गापर्यंत पोहोचली, तर मूत्रगळती होते किंवा तो मार्ग अरुंद होतो. धमनी व शीर यांच्यात अनैसर्गिक जोडही पडू शकतो. साखळलेल्या कडेवर गाठीचा अंश राहिला आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवणे अवघड जाते. निरोगी ऊतकही भाजते. त्यामुळे चिमटा टाळून मिळवलेला लाभ काही अंशी तेथेच खर्ची पडतो.

त्वचेतून सुई घालून गाठ जागीच जाळण्याचा रेडिओफ्रीक्वेन्सी उपचार याहून वेगळा; त्यात गाठ काढली जात नाही आणि पुढे वारंवार स्कॅन करावे लागतात.

पृष्ठभागाबाहेर वाढलेल्या लहान गाठींनाच मायक्रोवेव्ह-साखळण योग्य. मूत्रपिंडाच्या मध्याशी, मोठ्या वाहिन्यांलगत असलेल्या गाठींसाठी ते टाळावे.