अबोला

वारणानगरात शाळा सुटली की सायकली ढकलत निघालेल्या मुलींच्या घोळक्यातून एक वाक्य नेहमी कानी पडतं : ‘तिनं अबोला धरलाय.’

या शब्दाच्या पोटात ‘बोल’ आहे. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण रचलं, तेव्हा संस्कृत ‘कथ्’ धातूच्या जागी चालणारी प्राकृत रूपं नोंदवली. त्यांत ‘बोल्ल’ सापडतं. लोकांच्या तोंडचं हे रूप पुढं मराठी, हिंदी, गुजराती, बंगालीत रुजलं. गुजराती माणूस अबोला ‘घेतो’, मराठी माणूस ‘धरतो’.

अबोल असणं हा स्वभाव. अबोला मात्र जिवाभावाच्या माणसाशीच धरतात. परक्याशी कुणी धरत नाही. म्हणून या शब्दात रुसव्याइतकीच माया आहे.

शाळकरी वयातलं हे न बोललेलं मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ कादंबरीत आहे, तसंच योशितोकी ओइमा यांच्या ‘कोए नो काताची’ या जपानी मांगातही, म्हणजे चित्रकथेतही (२०१३-१४). त्यातल्या शोयानं लहानपणी ऐकू न येणाऱ्या शोकोला छळलेलं असतं. हायस्कूलच्या वयात तो खुणांची भाषा शिकून तिच्यासमोर उभा राहतो. मांगा वाचणाऱ्या आपल्या मुलांना ही घालमेल परकी वाटत नाही.

आता भांडण झालं की मुलं ‘ब्लॉक केलं’ म्हणतात. त्यात दार बंद होतं. अबोल्यात मात्र समोरच्यानं आधी बोलावं, ही आस असते. मुलांनो, रागावलात तर अबोला धरा; धरलेला अबोला सोडता येतो.