न पडलेला दुधाचा दात

पडलेला दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकला की त्याच्यासारखा बळकट दात येतो, ही समजूत महाराष्ट्रात खेडोपाडी परिचित आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दात पडू लागतात आणि बाराव्या वर्षापर्यंत बहुधा वीसही दुधाचे दात बदलतात. पण कधीकधी एखादा दात पडतच नाही. अकरावीतल्या मुलाच्या, क्वचित चाळिशीतल्या माणसाच्या तोंडातही तो आढळतो. त्याचे करायचे काय?

पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने सांगितलेला उपाय असा : दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात आला, तर जुना उपटावा आणि नवा रोज बोटाने दाबत जागेवर आणावा. नवा दात डोळ्यांना दिसत असेल तर हे ठीकच आहे. दिसत नसेल तर?

नवा दात खालून रेटतो म्हणून जुना पडतो, असे पूर्वी मानत. स्कॉटिश शल्यवैद्य जॉन हंटर याने जबड्यांचे विच्छेदन करून पाहिले, तेव्हा दुधाच्या दाताचे मूळ झिजत असतानाही नवा दात स्वतःच्या हाडाच्या कोषात बंदिस्त आढळला. म्हणजे केवळ रेटा हे कारण नव्हे, असे त्याने 1771 च्या ग्रंथात मांडले. आज आपल्याला माहीत आहे, की विशिष्ट पेशी हे मूळ विरघळवतात आणि नव्या दाताभोवतीच्या पिशवीतून त्यांना रासायनिक संदेश मिळतात. खाली नवा दातच नसेल, तर ही झीज बहुधा फार मंद होते.

पण जिवंत माणसाच्या जबड्यात डोकावायचे कसे? 1895 मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. पुढच्याच जानेवारीत जर्मनीतील दंतवैद्य वॉल्कहॉफ याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला 25 मिनिटे निश्चल राहावे लागले. आता तेच काम सेकंदापेक्षा कमी वेळात होते.

या चित्रावर निर्णय अवलंबून असतो. खाली कायमचा दात अडकला असेल (वरच्या सुळ्याचे असे अनेकदा होते), तर दुधाचा दात काढून नव्याला वाट करून देतात. नवा दात मुळातच नसेल आणि जुन्याचे मूळ भक्कम असेल, तर तो ठेवणेच हिताचे; असे दात कित्येक वर्षे काम देतात. दात हाडाला चिकटून शेजाऱ्यांपेक्षा खाली राहिला असेल, तर वाढत्या वयात लवकर निर्णय घ्यावा लागतो. विचार न करता उपटला, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, हाड झिजते. आणि कृत्रिम दाताचे रोपण जबड्याची वाढ पूर्ण झाल्याखेरीज सहसा करत नाहीत.

चाकूरच्या शाळेतील शिक्षकालाही असा दात ओळखता येईल. उपदाढेच्या जागी जास्त पांढरी, रुंद, बसकी दाढ दिसते. एका बाजूचा दात बदलून सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा तसाच असेल, तर पालकांना सांगावे. लातूरला दंत महाविद्यालय आहे. दात काढून घ्यायला नव्हे, आधी क्ष-किरण चित्र काढायला जा, एवढे मात्र आवर्जून सांगावे.