खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील पोषकद्रव्य-नियंत्रण

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात साचणारी नायट्रेट व फॉस्फेट ही द्रव्ये मर्यादेत ठेवण्याच्या प्रक्रियेस पोषकद्रव्य-नियंत्रण म्हणतात. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या संस्थांप्रमाणेच घरगुती टाकीतही ते आवश्यक ठरते.

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. गाळणीतील जिवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट मात्र पाण्यातच उरते. ते व फॉस्फेट वाढल्यास शेवाळ माजून प्रवाळांना झाकून टाकते. त्यामुळे सेंद्रिय द्रव्ये फेसासोबत बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर, फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे आणि नियमित पाणीबदल यांचा अवलंब केला जातो. ही द्रव्ये पूर्णपणे संपल्यासही प्रवाळांचे पोषण खुंटते.