अंधेरीच्या डोंगरातली दगडी झोपडी

आयर्लंडच्या डोंगरमाथ्यांवर दगडी झोपड्यांचे अवशेष विखुरलेले आहेत. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांत न्यायची, तिथेच राहून दूधदुभते करायचे आणि थंडीच्या तोंडावर खाली उतरायचे, अशी तिथली जुनी रीत. तिचे नाव ‘बूली’. माणसे गेली, दगड राहिले.

आपल्या दख्खनेत मात्र झोपडी लाकडाची, कुडाची, गवताची. ती मागे राहणार कशी? उरतात ते मेढींचे खड्डे. पुणे जिल्ह्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा अशा खड्ड्यांवरूनच घरांचे आराखडे उलगडले. आधीच्या प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी इ.स.पू. १००० च्या सुमारास लहान, गोल झोपड्या येतात. पाऊस घटला, शेती खालावली आणि लोक पशुपालनाकडे व भटकंतीकडे वळले, असा अर्थ म. के. ढवळीकरांनी लावला. पण खड्ड्यांवरून छप्पर दिसत नाही.

छप्पर पाहायचे तर अंधेरी पूर्वेला यावे. महाकाली, म्हणजेच कोंडिविटे येथील १९ लेण्यांपैकी ९ क्रमांकाचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. आयताकृती दालनाच्या टोकाशी अखंड खडकातून कोरलेली गोल झोपडीच उभी आहे: बाहेर फुगलेली भिंत, मधोमध दार, दोन्ही अंगांस जाळीच्या खिडक्या आणि वर पुढे झुकलेली वळचण. आत स्तूप.

ही कल्पना अंधेरीत जन्मली नाही. बिहारमधील बराबर टेकडीवरचे सुदामा लेणे अशोकाने राज्याभिषेकानंतर १२व्या वर्षी आजीवकांना दिले; तिथेही दालनाच्या टोकाला अशीच गोल कुटी आहे, गवताच्या वळचणीसकट. जुन्नरच्या तुळजा लेण्यात भिंत नाहीशी होऊन स्तूपाभोवती १२ खांबांचे कडे उरते. कार्ल्याला तर स्तूप मोकळाच उभा राहतो. म्हणजे महाराष्ट्रात झोपडीचे हे जुने रूप भिंतीसह जपणारे कोंडिविटेच. माझ्या मते कार्ल्याच्या भव्यतेपुढे त्याची उगाच उपेक्षा होते.

जाळीपाशी ब्राह्मी लिपीत एक लेख आहे: गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने भावासह बौद्ध भिक्षूंना विहार दान दिला! इनामगावच्या झोपडीत कोण राहिले, हे कोणी लिहून ठेवले नाही.

इथला खडक ज्वालामुखीजन्य आणि भुसभुशीत, म्हणून कोरीवकाम बरेच झिजले आहे. वळचण मात्र अजून ओळखू येते. जरा बाजूने, भर उजेडात पाहावी.